खाडाखोड

मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकले
की माझा खरा दिवस सुरू होतो.
तोवर नेमगोंडा दिवाणजींसमोर बसून
पावत्या कॉम्प्युटरात चढवते:
नाव, गाव, पोती, वजन, दर.
निघताना कीबोर्डच्या फटींत फुंकर मारते,
थोडं पिवळं उडतं,
बाकीचं बोटांबरोबर घरी येतं.

घरी फैजानकडून हप्त्यावर घेतलेला लॅपटॉप.
त्याचं एंटर दोनदा दाबावं लागतं.
ब्लॉकचेन शिकतेय.
म्हणजे काय, ते आईला सांगायला
पोळपाटावरच्या पिठात चौकोन काढले,
एकाच्या कानाला दुसरा बांधला.
ती म्हणाली, छान, आता सरक, पोळ्या लाटू दे.

पहिला महिना हॅशमध्येच गेला.
'हळद, दोन पोती' लिहिलं,
अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक रांग आली.
शेवटी एक टिंब दिलं,
रांगेतलं एकही ओळखीचं राहिलं नाही.
टिंब काढलं, जुनी रांग परत.
रात्री दीडपर्यंत हेच करत बसले,
लहान मूल दिव्याचं बटण दाबतं तसं.

सरावाचे पैसे खोटे असतात,
पण तेही नळालाच येतात,
दिवसातून एकदा,
आमच्या गल्लीतल्या पाण्यासारखे.
किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द,
क्रम चुकला की घर बंद.
ते कागदावर लिहून
कागद शाबूच्या डब्यात ठेवलाय.
उपवासाच्या दिवशी काळजी वाटते.

अण्णा तोलार होते, एकतीस वर्षं.
आता खांदा वर जात नाही.
'तुझ्या त्या वहीत चुकलं तर?'
खोडता येत नाही, अण्णा.
सगळ्यांकडे एकच वही,
सगळ्यांसमोर उघडी,
रुमालाखाली बोटं दाबून भाव नाही.
ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

मग म्हणाले,
'एकदा भोसेची एक बाई आल्ती, शेवंता.
वाटंत पोतं उसवल्यालं.
काटा साडेअठ्ठेचाळीसवर थांबला,
मी वरडलो एकोणपन्नास.
त्यो अर्धा किलो
तुझ्या कुठल्या चौकोनात बसतोय?'

मला उत्तर आलं नाही.
साखळी वजन करत नाही.
काट्यापाशी उभा माणूस जे ओरडेल
ते ती जन्मभर धरून ठेवते,
खरं असो, खोटं असो,
की शेवंताचं.
हे कुठल्याच व्हिडिओत
इतकं नीट सांगितलं नव्हतं.

पहिलं काँट्रॅक्ट चढवलं त्या रात्री
मांडीवर लॅपटॉप तापला होता.
पावती नंबर एक.
एंटर, पुन्हा एंटर.
हिरवी खूण.
आणि मग दिसलं, पेढीच्या नावात
'नेमगोंडा'वरचा अनुस्वार राहिलाय.
नेमगोडा.
आता कायमचा.

दहा-बारा दिवस कुणाला बोलले नाही.
शेवटी दिवाणजींनाच सांगितलं,
रागावतील म्हणून आधी चहा मागवून.
त्यांनी कपाटातून एक जुनी खतावणी काढली,
थुंकी लावून पान उलटलं.
चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ,
आकडा खाली स्वच्छ वाचता येतो,
शेजारी लाल शाईत नवा,
त्यावर सही.
'खोडून टाकायचं न्हवंच कधी, पोरी.
चूक दिसली पायजे.
दिसली न्हाई की लोक इचारत्यात,
इथं काय हुतं?'
नावातल्या टिंबाचं म्हणाले,
'माझा बाप बी तसंच लिवायचा.'

त्या रात्री काँट्रॅक्ट नव्यानं लिहिलं,
त्यात एक फंक्शन घातलं, दुरुस्ती:
जुनी नोंद तशीच राहते,
नवी तिच्याकडे बोट दाखवते,
आणि कुणी केली ते नाव.
अठरा ओळी.
त्यांतल्या सहा चुकीच्या होत्या,
पहाटे चारच्या.

गुरुवारी पुण्याच्या कंपनीचा कॉल आहे.
त्यांनी काम बघायला मागितलं,
लिंक पाठवलीय.
उघडली की आधी चुकलेलं नाव दिसेल,
मग दुरुस्ती,
आणि दोन्हींच्या तारखांमध्ये
ते अकरा दिवस,
जेव्हा मला हे येत नव्हतं.