शून्याच्या आत

ट्रॉम्सोत नोव्हेंबर सरता सरता सूर्य निघून जातो.
आम्ही पायाभूत नोंदी नेमक्या त्याच आठवड्यात सुरू केल्या.
पहिली चूक तिथेच, असं आस्ब्यर्न म्हणतो.

माणूस एकच. आन्ते, वय एकाहत्तर,
जाळी विणायचा; अर्धांगाच्या झटक्यानं
हात वाचले, शब्द गळाले.
रोज वीस चित्रं, नॉर्वेजियनमध्ये नाव सांगायचं.
दोन. एक. दोन. शून्य. दोन.
मी ठिपके देते. माझं काम तेवढंच.

जानेवारीच्या अखेरीस उपचार.
कागदावर एक उभी तुटक रेघ,
आणि तिच्या पलीकडे पाच, सात, सहा, अकरा.

गुडवेग कागद हातभर लांब धरते, चष्मा कपाळावर:
"उघड दिसतंय. गणित कशाला?"
"डोळ्यांचं काय, त्यांना हवं तेच दिसतं.
सुरुवातीचा दिवस चिठ्ठी टाकून ठरवायला हवा होता.
त्याच आठवड्यात सूर्यही परत आला.
शब्द कुणी आणले, तू की त्यानं?"

मग म्हणाला, दोन आठवडे उपचार थांबवू,
ठिपके खाली आले तर तुझं खरं.
ती उसळलीच: "शब्द काय उसने दिलेत, परत मागायला?
आणि नाही आले खाली, तर म्हणशील,
बघ, उपचारानं काही झालंच नव्हतं."
कॉफी निवत गेली. बाहेर बर्फ काढणारी गाडी
गेली, आली, गेली, आली.

हेन्नी म्हणाली, अजून दोघं घ्या,
प्रत्येकाची रेघ वेगळ्या दिवशी ओढा.
एक मिळालाही होता,
तो मुलीकडे राहायला गेला, दक्षिणेत.

बुधवारी आन्तेची बहीण आली, मारेत.
ओला हातमोजा काढून
तिनं डिसेंबरातल्या त्या शून्यावर बोट टेकवलं.
"ह्या दिवशी मी दाराशीच उभी होते.
सूर्याचं चित्र आलं तेव्हा तो म्हणाला, बेआइवी.
आमच्या सामीत सूर्यच तो."

मीही ऐकलं होतं.
मला वाटलं, कण्हला.

गुडवेग म्हणाली, दुरुस्त कर.
आस्ब्यर्न म्हणाला, नियम आधी ठरलाय, हात लावू नकोस;
पण आवाज पहिल्यासारखा नव्हता,
आणि गुडवेगनंही दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

दोघं गेल्यावर वही उघडली.
शून्य खोडलं नाही.
पेन्सिलीला टोक काढून
त्याच्या बरोब्बर मधोमध
एक बारीक ठिपका दिला.