दोन बोटं वर

मार्च अर्धा सरला तरी ल्यूसदालमध्ये
गॅरेजच्या दाराशी कमरेइतकं बर्फ.
आत इंगेमारची शेव्हेल, सहासष्ट सालची,
चार स्टँडवर टेकून, पोट उघडं टाकून.
ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवून भिंतीशी ठेवलाय,
त्याखालच्या परातीत लालसर तेल अजून ठिबकतंय.
पाच गिअरचा नवा बॉक्स खोक्यात.
प्रश्न एवढाच उरलाय:
माझ्या डाव्या पायाचं म्हणणं
क्लचपर्यंत पोचवायचं कुणी?

आल्रिक म्हणतो, सळ्या घाल.
"लोखंडाला लोखंड भिडतं, मध्ये कुणी नाही.
तुटलं तर दिसतं. वाकलं तर हातोडा आहे."
खरंय. पण एक्झॉस्टचे नवे पाइप
नेमके त्या आडव्या दांड्याच्या जागेतून जातात
आणि आल्रिकने जन्मात कुणाला वाट दिल्याचं
मला तरी आठवत नाही.

केबल? केबल स्वस्त, हवी तशी वळते.
इर्मेलिनच्या फोर्डमध्ये होती.
गरम पाइपाला टेकली, वितळली, अडकून बसली,
आणि ती बाई दुसऱ्या गिअरमध्ये
थेट घरापर्यंत आली,
वाटेतल्या एकुलत्या लाल दिव्याला हात दाखवून.

माल्टे, माझा भाचा, गाडी आता त्याचीच,
म्हणतो, बेअरिंगच हायड्रॉलिक घेऊ, आत्या.
बेलहाउसिंगच्या पोटात तेलावर सरकणारं कडं,
बाहेर काही लोंबत नाही, सगळं स्वच्छ.
"आणि गळलं तर?"
तो फोनकडे बघतो. "मग बॉक्स उतरवायचा."
चाळीस किलोचा.
माझ्या गुडघ्यात ऑक्टोबरपासून स्टील आहे.

शेवटी मी दिवा घेऊन डॅशबोर्डखाली शिरले,
मान वाकडी, तोंडात मार्कर,
पेडलसमोरच्या पत्र्यावर भोकाची जागा शोधत.
आणि बोटांना ते आधी कळलं:
अंड्याएवढं एक ठिगळ,
वेल्डिंग इतकं घासून सपाट केलेलं
की डोळ्यांनी दहादा बघून चुकले असते.
वर ब्रॅकेटमध्ये एक रिकामं बुश,
एका बाजूला झिजून लांबट झालेलं.
वर्षानुवर्षं कुणीतरी तिथे पाय दिला होता.

गाडी मुळात गिअरचीच.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात
इंगेमारने गॅरेजला आतून कडी घातली होती.
वसंतात गाडी बाहेर आली ती ऑटोमॅटिक होऊन.
"गिअर टाकायचा कंटाळा आला," म्हणाला,
आणि गुरुवारच्या गाड्यांच्या रांगेत
आम्ही त्याला आजोबा म्हणून चिडवलं.
सगळ्यात जास्त मी.
काठी हातात आली दोन हजार चारला.
डॉक्टर तेव्हा म्हणाले, हे बरंच जुनं आहे.
सहा वर्षं त्याने
ताकास तूर लागू दिली नव्हती.

माल्टेला बोलावलं.
तो अंगठा त्या ठिगळावर ठेवून
बराच वेळ तसाच पडून राहिला.
मग म्हणाला, वेल्डिंग चांगलं करायचे बाबा.

ठरलं ते असं:
तेलाचंच घ्यायचं, पण खालचा सिलिंडर बाहेर,
जिथे माझा हात पोचतो, बॉक्स न उतरवता.
वरचा सिलिंडर पेडलच्या सरळ रेषेत,
नाहीतर दांडी तिरकी घासते आणि सील खाते.
सळीचं जुनं भोक तसंही खाली पडतं.
नवं पाडलं, दोन बोटं वर.
ठिगळाला ड्रिल लावला नाही.
पत्रा वाकू नये म्हणून मागून पट्टी द्यायची होती,
तीही त्याला चुकवून कापली, थोडी वेडीवाकडी.
आल्रिकने ती बघून मान हलवली.
सळ्याच हव्या होत्या, अजून म्हणतो.

आज हवा काढतोय.
मी खाली फळीवर, माल्टे वर सीटवर.
"दाब."
बाटलीत बुडबुडे.
"धर."
"सोड."
पंधराव्या वेळेला वरून आवाज आला,
"आत्या, पेडल जड झालं."
आणि जरा थांबून,
"शेवटी शेवटी कसं दाबत असतील ते?"

मी आधी निपल घट्ट केलं.
हवा परत आत गेली असती.