चार इंच

ऑर्डर आली तेव्हा मी कागद उलटून पाहिला,
म्हटलं, मागच्या बाजूला दाखवला असेल.
नव्हता.
एकशे बेचाळीस ड्रेस, सिस्टर आणि मावश्या धरून,
फिकट निळे, कॉलरला पांढरी पट्टी,
कमरेत दोन डार्ट
आणि खिसा कुठेच नाही.

इस्पितळाचा एचआरवाला, कोवळा पोरगा,
म्हणाला, खिशाने लाइन बिघडते काका.
ठाकूरद्वारला जिन्याखाली एकतीस वर्षं बसतोय मी,
मला लाइन सांगतो!
पण मनात हिशोब केला:
ड्रेसमागे वीतभर कापड वाचतं, वीस मिनिटं वाचतात.
गप्प बसलो.
हे आधीच सांगून टाकतो,
नंतर कुणी उसवून दाखवायला नको.

पहिला आठवडा त्यांनी कात्री मोज्यात खोचली.
पेन अंबाड्यात,
चिकटपट्टी मनगटात, बांगडीसारखी.
सुईचं टोपण दातांत धरायचं नसतं
हे पोरींना शिकवणाऱ्या तुस्कानो सिस्टरनेच
एकदा धरलं, आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही.
मग रात्रपाळीला रेहाना तडवी खाट ढकलताना वाकली
आणि मोज्यातली कात्री घोट्यात गेली.
चार टाके.
तिच्याच वॉर्डात, तिच्याच ट्रेमधल्या दोऱ्याने.

दुसऱ्या रात्री माझं शटर अर्धं खाली होतं.
त्याखालून वाकून वाकून आल्या, पंधरा, वीस,
मी मोजणं सोडलं.
प्रत्येकीच्या हातात ड्रेस आणि एक तुकडा:
जुन्या साडीचा काठ, उशीचा अभ्रा,
पोराच्या शाळेची चौकडी, नवऱ्याची लुंगी.
खिसा लावा.
कुठल्या मापाचा?
हात जाईल असा.
इंदूबाई खरटमलने सोलापुरी चादरीचा तुकडा आणला होता,
त्यावर माझ्या दोन सुया मोडल्या.

सकाळी गेटवर अडवलं. नियमाबाहेरचा खिसा.
तशा त्या समोरच्या फुटपाथवर गेल्या,
उसाच्या चरकाशेजारी, ओळीने.
घोषणा नाही. इस्पितळाजवळ आवाज करायचा नसतो
ही सवय संपातही सुटली नाही.
नुसत्या उभ्या राहिल्या,
दोन्ही हात खिशात घालून.
आयसीयूच्या बारा जणी तेवढ्या आत ठेवल्या होत्या,
मोज्यात कात्री घालून.
बाकीचे हात खिशात गेले की काय होतं
ते दुपारपर्यंत तिन्ही मजल्यांना कळलं.
मी चहाची किटली नेली.
कुणी आभार मानले नाहीत. बरं वाटलं.

चौथ्या दिवशी सर्क्युलर निघालं.
एक खिसा. डावीकडे. त्याच कापडाचा.
चार बाय चार इंच.
फक्त नर्सिंग स्टाफला.

कात्री साडेपाच इंच असते.
लिहिणाऱ्याने कधी हातात धरली नसणार.
पोरगा पुन्हा आला, अर्जंट आहे काका.
मी म्हटलं, माझी टेप मेणकापडी, वडलांच्या वेळची,
ताणून ताणून सैल पडलीय,
तिचे चार इंच जरा जास्तच भरतात.
त्याने टेप बोटांवर गुंडाळली, सोडली,
माझ्याकडे पाहिलं,
आणि बिलावर सही केली.
वाईट नाही तो पोरगा.

इंदूबाईचा ड्रेस मात्र अजून खुंटीला आहे.
मावश्या ठेक्यावरच्या,
ठेकेदाराने पाचव्या दिवशी दुसरी बाई लावली.
खिसा काढून ड्रेस परत करा, तर पगार,
म्हणून उसवायला टाकून गेली ती.
उसवायच्या आधी हात घालून पाहिला, खिसे तपासायची सवय.
आत बसच्या तिकिटाएवढी वही निघाली, पेन्सिलीने लिहिलेली:
नऊ नंबर, पाणी गरम लागतं.
चौदा नंबर, मुलगा येत नाही, थोडं बोलायचं.
बावीस, उजव्या कुशीवर झोपवू नये.

ब्लेड पुन्हा डब्यात ठेवलं.
दोनदा निरोप धाडलाय तिला, येऊन घेऊन जा म्हणून.
तिसऱ्यांदा कुणाबरोबर धाडू?
चौदा नंबरची खाट रिकामी आहे की भरलेली,
तेही विचारायचं होतं.