नावाड्याची भाषा

ओउलूत दुपारी तीनलाच अंधार पडतो.
लिबान रात्रपाळीआधी गेम उघडतो,
धक्क्यावरच्या म्हाताऱ्या नावाड्याला क्लिक करतो.
"डाव्या दिव्याकडे वळ, वाटसरू. उजवीकडे दलदल.
आणि जपून, पायरी ओली आहे."
पुन्हा क्लिक. पुन्हा तेच, त्याच सुरात.
वळ. दलदल. ओली.
फिनिशच्या वर्गातल्या बाई
तिसऱ्यांदा विचारलं की घड्याळ बघतात.
याच्या हाती घड्याळच नाही, फक्त वल्हं.

आज बसमध्ये कार्ड चाललं नाही.
मागे रांग. शिकलेलं सगळं गळालं,
तोंडी उरलं ते एवढंच:
"नावाड्या, मला पैलतीरी ने."

ड्रायव्हर बाईनं त्याच्याकडे पाहिलं,
मग काचेबाहेरच्या बर्फाकडे.
"जपून," ती म्हणाली,
"पायरी ओली आहे."