झायलीन

बाटलीवर कानडीत नाव आहे. मी वहीत मराठीत उतरवते:
नेमगोंडा, वय चोवीस, ट्रकवर क्लीनर,
हत्तरगीजवळ, पहाटे.
आत महाधमनीचा तुकडा,
आतून गुळगुळीत, ओल्या रबरासारखा,
आणि त्यावर एक पिवळी रेघ,
हळदीचं बोट कुणी चुकून पुसल्यागत.

मडिवाळर डॉक्टर म्हणतात, नोड्री इल्लि.
ह्यानं नाही मेला तो, डोक्याच्या मारानं मेला.
हे असंच सापडलं.
पन्नाशीत त्रास दिला असता. कदाचित नसताही.

मेण, बर्फ, पातं.
चकत्या कोमट पाण्यावर तरंगतात.

भिंगाखाली मग त्या दिसतात,
रक्तातून आलेल्या.
अस्तर जरासं चिकट झालं, तेवढ्यानं
वाहता वाहता थबकल्या,
सांध्यातून अंग चोरून आत शिरल्या.
आत चरबी, खवट झालेली.
त्यांचं कामच ते. खाल्ली.
आणखी खाल्ली.
पुरे झालं हे कळायची सोय त्यांच्यात नाही.
फुगल्या, जड झाल्या, मागं फिरता येईना,
तर तिथूनच दुसऱ्यांना हाका घालू लागल्या.

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत झाडायची.
बिड्या नव्हे, गोण्या नव्हे, नुसतं झाडणं.
तोंडाला पदर, तरी रात्री शिंकली की
पदरावर तपकिरी डाग.
मालक म्हणायचा, अक्काताई आहे म्हणून वखार लख्ख.
होतीच लख्ख.
तिच्या छातीचा फोटो मी पुढं,
नोकरी लागल्यावर, खिडकीच्या उजेडाला धरून पाहिला.

खरं तर ह्या चकत्यांत चरबी नाहीच.
मेण भरण्याआधीच झायलीननं धुऊन नेली.
उरलीत भोकं, पांढरी, एकाला एक लागून,
फेसासारखी. म्हणून फेसाळ पेशी.
रिकाम्या जागेवरूनच आम्ही ओळखतो
काय गिळलं होतं.

आठवड्यानं भाऊ आलाय रिपोर्टाला.
विम्याला लागतंय म्हणतो.
तीच हनुवटी, दोनेक वर्षांनी लहान.
कागद उलटा-सुलटा करतो.
बाई, ही रेघ म्हंजे काय? त्याला काय रोग होता?
रोग नव्हे, मी म्हणते,
आणि शब्द शोधत राहते.
बाहेर कॉलेज रोडवर बस हॉर्न देतेय.

आत झाडलोट चालू होती, म्हणते.

तो मान हलवतो,
कळल्यासारखी,
आणि सही कुठं करू विचारतो.