चव नोंदवही

मुलं जेवायच्या आधी अर्धा तास
एका शिक्षकाने खिचडी चाखायची, असा नियम.
अकरा वर्षं ते काम माझ्याकडे.
रकाने चार : तारीख, पदार्थ, शेरा, सही.
शेऱ्यात मी लिहीत आले, चांगली.
चांगली. चांगली.
एकदा, दिवाळीच्या सुट्टीआधी, उत्तम.

पाचपावलीची आमची शाळा, खोल्या सात,
आठवी पत्र्याची, ती अनुसयाबाई परात्यांची.
तिथे नऊलाच मोहरी तडतडते
आणि दुसरीचे पाढे मागे पडतात.

परसबागेत अंबाडी, चार वाफे चिवळ,
कडेला सांभार.
तपासणीला पुण्याहून आलेले साहेब
यादीवर बोट ठेवून म्हणाले, "सांबार? वाफ्यात?"
अनुसयाबाईंनी एक काडी खुडून
त्यांच्या तळहातावर ठेवली.
साहेबांनी वास घेतला. "अच्छा, कोथिंबीर."
"तुमच्याकडे असंल," बाई म्हणाल्या.

गुरुवारी माझा आहाराचा तास.
तक्त्यावर लालभडक सफरचंद, शेजारी दुधाचा पेला.
मी विचारलं, हे फळ कुठे मिळतं?
हंसिका नंदनवार उठून म्हणाली, मेडिकलमध्ये.
आजी भरती होती तेव्हा खाटेखाली होतं, पिशवीत.
वर्ग हसला नाही.
बऱ्याच जणांनी मान हलवली.
मी तक्ता गुंडाळला,
सगळ्यांना बाहेर नेलं,
अंबाडीचं एकेक पान चावायला दिलं
आणि आम्ही आंबट तोंडं करून परत आलो.

पटावर एकशे बारा. तांदूळ पटावर येतो.
पण सोमवारी गंज लवकर खरवडला जातो
हे मला अनुसयाबाईंनी सांगितलं, कुठल्या कागदाने नाही.
"पोट्टे तेच आहेत न मॅडम,
मधात रविवार येते."

मागच्या सोमवारी माझी वाटी आलीच नाही.
मी वही घेऊन पत्र्याच्या खोलीशी गेले.
उंबऱ्यावर तिसरीतला प्रणय गजभिये,
मांडीवर माझी वाटी.
मला पाहून त्याने ती लपवली नाही.
शेवटचं बोट चाटलं, थोडा विचार केला,
आणि घरातल्या कर्त्या माणसासारखा म्हणाला,
"मीठ कमी हाय."

अनुसयाबाई माझ्याकडे पाहत होत्या,
झारा तसाच हवेत.
विद्यार्थ्याने चाखावं असं नियमात कुठे नाही.
चाखू नये असंही मला सापडलं नाही.

मी त्याच्या शेजारी टेकले. लिहिलं :
मूगडाळ खिचडी.
मीठ कमी.
सहीच्या रकान्याशी पेन त्याला दिलं.
त्याने पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट,
ते रकान्यात मावेना,
मंगळवारच्या जागेत गेलं.

बाईंनी चिमटीने चार वेळा मीठ घातलं.
घाटताना पुटपुटल्या,
"अकरा वर्सं झाले.
आता सांगून राह्यले."