माशी शिंकली

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी
एक शिंक.
एकच. मोजावी की नाही, अशी.

घसा थोडा खरखरतोय, पण तो हीटरमुळेही असेल.
ताप नाही. थर्मामीटर तीनदा लावला :
छत्तीस पूर्णांक आठ, सात, पुन्हा आठ,
जणू त्यालाही ठरवता येत नाहीये.

चारुशीला रात्रपाळीवरून येते,
हॉस्पिटलचा वास कोटासकट खुंटीला लावते.
रात्रभरात चाळीस नाकं बघून आलेली बाई
माझ्या नाकाबद्दल एवढंच म्हणते,
"तुझं तू ठरव,"
आणि झोपायला जाते.

ठरवायचं काय आहे तसं?
प्रेस्टनहून गाडी, लँकेस्टरला बदलायची, मग मोरकम.
समुद्राकडे पाठ करून बसलेल्या गल्लीत तिसरं घर.
विनिफ्रेड ऑर्मरॉड, वय एकोणनव्वद.
माझी पहिली घरमालकीण.
भाड्यात दोन पौंड कमी पडले तर
"पुढच्या आठवड्यात दे" म्हणून विसरून जाणारी.
गेल्या वसंतात तिच्या छातीत पाणी झालं होतं,
अकरा दिवस ऑक्सिजनवर होती.

तिच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्याही वर,
एक घड्याळ आहे.
ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मी स्टुलावर चढतो
आणि काटे तासभर मागे घेतो.
मार्चमध्ये चढून पुन्हा पुढे.
सतरा वर्षं हेच काम.
बाकी चहा, आल्याचा काळसर केक,
आणि गल्लीत कुणाचं काय झालं ते.

मी बूट घालतो.
साधी सर्दी. लोक सर्दीत लग्नं लावतात.
खिडकी उघडून बसेन, मास्क लावेन,
केक नको म्हणेन.
(केक नको म्हटलेलं तिला चालत नाही.)
मी बूट काढतो.
माझ्या नाकात साधी असलेली सर्दी
दुसऱ्याच्या छातीत उतरून काय होते,
ते माझ्या नाकाला कुठून कळणार?

लहानपणी निघताना कुणी शिंकलं
की काका परत बोलावून बसवायचे,
घोटभर पाणी पाजायचे,
आणि म्हणायचे, हं, आता जा.
एवढ्यात भागायचं.
मी पाणी पितो.
दुसरी शिंक येते.

माशी शिंकली, हे काही तिला इंग्रजीत सांगता येत नाही.
मी फोनवर म्हणतो, नाक वाहतंय. जरासं.
ती गप्प. मागे रेडिओवर
दुपारच्या सरींचा अंदाज.
"जरासं म्हणजे?"
"एक रुमाल."
"मग नको येऊस," ती म्हणते,
इतक्या पटकन, की मला कळतं,
ती कधीची वाट बघत होती हे कुणीतरी बोलायची.
मी गेलो असतो तर तिने दार उघडलं असतं,
केकही कापला असता,
आणि तोंडातून अवाक्षर काढलं नसतं.

"केक डब्यात टिकतो. मुरला की चांगला लागतो."
"आणि घड्याळ? शेजारच्या पोराला सांग ना."
"नको. तो मिनिटंसुद्धा हलवतो."

रविवारी नाकाचा नळ झाला.
चारुशीला काही बोलली नाही,
फक्त रुमालांचा गठ्ठा उशाशी ठेवून गेली.

सोमवारी पाचलाच अंधार पडतो. मी फोन लावतो.
"किती वाजले तुझ्याकडे?"
"सहा," ती म्हणते, अगदी गंभीरपणे.
फ्रिजच्या वर अजून
उन्हाळ्याची वेळ चालू आहे.
मी नाक पुसतो, आणि तिच्या वेळेप्रमाणे विचारतो,
जेवलीस का?
म्हणते, केव्हाच.